बिनकेबिनचं इंजिन

2008 सालचा पावसाळा. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, खारदांड्याच्या आमच्या गल्लीत सुक्या बोंबलांचा वास, आणि मी पोटमाळ्यावर जुन्या कॉम्प्युटरपुढे मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर लावून बसलेलो. अमेरिकेतल्या मारायस पासच्या चढावर माझी मालगाडी थांबली ती हलेचना.

शेजारचे आबा मागे येऊन उभे राहिले. पश्चिम रेल्वेच्या कारशेडमध्ये फिटर म्हणून त्यांची उभी हयात गेली होती.

"इंजिनं किती लावलीस?"

"दोन. मधली दोन काढली. त्यांना केबिनच नाही, नुसत्या पेट्या. गाडी वाईट दिसते."

"ती लाव परत."

लावली. गाडी चढून गेली.

जनरल मोटर्सच्या एफटी डिझेल इंजिनाची 1939 सालची नमुना गाडी अशीच चार भागांची होती. टोकांच्या दोघांना केबिन, मधल्या दोघांना नाही. एकूण 5400 अश्वशक्ती, प्रत्येकाची 1350. म्हणजे निम्मा भार बिनकेबिनवाल्यांवर. पुढच्या ड्रायव्हरने हँडल फिरवलं की केबलमधून हुकूम मागे जायचा आणि चारही इंजिनं एकदम जोर लावायची. हे मी पुढे वाचलं. आबांनी मला ते हाताला दाखवलं.

रविवारी ते मला खार स्टेशनवर घेऊन गेले. दोन गाड्या सोडून दिल्या आणि सीमेन्सची नवी रेक आली तेव्हा म्हणाले, "चल." या रेक 2007 पासून धावायला लागल्या होत्या. मोटरमनचा पहिला डबा सोडून आम्ही दुसऱ्यात चढलो.

"मोटरमन बसतो त्या डब्याला मोटर नाही, ठाऊक आहे? मोटर इथं." त्यांनी माझा तळवा धरून डब्याच्या पत्र्यावर टेकवला. गाडी सुटली तशी खालून बारीक थरथर आली, मग आवाज चढत गेला, वांद्र्यापर्यंत हात काढावासा वाटला नाही. "वर तारेतून वीज घेणारा पेंटा असतो तो मोटरकोच. बारा डब्यांत असे चार. एकालाही केबिन नाही. चौघं ओढतात तेव्हा तू चर्चगेटला पोचतोस."

घाटात मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनाचंही त्यांनी तेव्हाच सांगितलं. कर्जतला गाडीच्या शेपटाला लागून 37 फुटांना एक फूट चढत लोणावळ्यापर्यंत ढकलायचं, आणि समोर दिसणार फक्त शेवटच्या डब्याची पाठ.

त्या दिवसानंतर मला दुसरं काही शिकायचं नव्हतं. पण दहावी झाली त्या वर्षी बाबांच्या होडीचं मशीन गेलं आणि घरात पैसा उरला नाही. इलेक्ट्रिकल डिप्लोमाची पहिल्या वर्षाची फी आबांनी भरली. "घरात बोलू नकोस," एवढंच बजावलं. मी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून सांगितलं. नोकरी लागल्यावर पैसे घेऊन गेलो, तर त्यांनी पाकीट न उघडता माझ्या खिशात परत घातलं. आज मोटर दुरुस्तीवरच माझं घर चालतं.

आबा गेले तेव्हा आईला खरं सांगितलं. ती काही बोलली नाही. सुतक फिटल्यावर पहिल्या म्हावऱ्याची टोपली मात्र ती त्यांच्या दारात ठेवून आली, आणि अजून दर मोसमात ठेवते.