फिरत्या ठिपक्याचे दफ्तर

शनीची कडी किंवा गुरूचे उपग्रह पाहणाऱ्यास जे दर्शनसुख लाभते, ते लघुग्रहाच्या पाठीस लागणाऱ्याच्या नशिबी नसते; कारण दुर्बिणीतही तो शेजारच्या ताऱ्यांसारखाच एक ठिपका दिसतो, आणि त्याचे ग्रहपण सिद्ध होते ते दुसऱ्या रात्री, त्याने जागा सोडली म्हणजे. म्हणून या विद्येत डोळ्यापेक्षा वहीचा अधिकार मोठा. धुळ्याच्या दिव्यांपासून दूर, लळिंगच्या डोंगराआड, मी द्विनेत्रीतून वेस्टा या लघुग्रहाचा माग काढतो तेव्हा क्षेत्रातला प्रत्येक ठिपका आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने मांडतो, कोपऱ्यात तारीख-वेळ घालतो, आणि पुढच्या रात्रीच्या कागदाशी त्याची रुजवात घेतो.

प्रतियुतीच्या, म्हणजे आकाशात सूर्याच्या समोरासमोर येण्याच्या, सुमारास वेस्टा रोज साधारण पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतका, पश्चिमेकडे सरकतो. वास्तविक त्याची चाल पूर्वेचीच. परंतु सेकंदास सुमारे ३० किलोमीटर धावणारी पृथ्वी १९ किलोमीटरच्या वेस्टास आतल्या वाटेने मागे टाकते, म्हणून तो वक्री भासतो. कागदावर उमटते ती केवळ त्याची गती नव्हे, तीत आपलीही मिसळलेली असते. हा हिशेब वेगळा केल्यावाचून कक्षा हाती लागत नाही.

कक्षा ठरवावयास सहा राशी लागतात, आणि प्रत्येक वेध दोनच अंक देतो. सबब निदान तीन वेध हवेत. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझीला सेरेस सापडला, पण फेब्रुवारीत तो आजारी पडला आणि सेरेस सूर्यतेजात लोपला. त्या तुटपुंज्या नोंदींवरून चोवीस वर्षांच्या गाउसने गणित मांडले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्साखने त्या अनुरोधाने सेरेस पुन्हा गाठला. पाहणारा एक, गणित करणारा दुसरा, शोधून काढणारा तिसरा.

चाळीसगावजवळच्या पाटणे येथील तेराव्या शतकातील शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याची नोंद आहे. ग्रहगणित एका पिढीच्या आयुष्यात संपत नाही, हे त्याने ओळखले होते. माझे गणित बेताचेच. तरीही स्थळ, वेळ, भिंगाचा व्यास आणि हवेची स्थिती मी प्रत्येक टिपणावर लिहून ठेवतो. ज्या नोंदीवरून अनोळखी माणसास पुढचा आकडा काढता येत नाही, ती नुसती हौस होय.