कान आधी, हात मागून

पखवाज शिकायला आलेल्या पोराला मी सुरुवातीला वाद्याला हात लावू देत नाही. आधी पढंत. चौतालाच्या १२ मात्रा: १, ५, ९, ११ वर टाळी, ३ आणि ७ वर खाली, तोंडानं ‘धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन’. जरा बसलं की मी मध्येच विचारतो, “आज काय जेवलास?” टाळी न थांबवता उत्तर द्यायचं आणि नेमक्या मात्रेवर बोल पुन्हा धरायचा. पहिल्यांदा सगळेच घसरतात.

मग पाठमोरं बसवतो. मी धुमेवर, म्हणजे कणीक लावलेल्या डाव्या तोंडावर, थाप देतो. ओली कणीक असेपर्यंत धूम भरून बोलते. उन्हाळ्यात कणीक सुकते, आवाज चढतो. पाणी लावायची वेळ झाली, हे न बघता सांगायचं.

आमच्या अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावच्या पखवाजी शंकरबापूंना १९८६ साली पद्मश्री मिळाली. त्यांची मुळं वारकरी कीर्तनात. कीर्तनात बुवा चाल कधी बदलतील, कुठे थांबतील, हे आधी ऐकू आलं नाही तर पखवाजी उघडा पडतो.

पालक विचारतात, “यानं गणित सुधारेल का?” टोरांटोचे संशोधक ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ साली सहा वर्षांच्या १४४ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला; गाणं-वाजवणं शिकलेल्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा थोडा जास्त वाढला होता. पुढे साला आणि गोबे या संशोधकांनी असे बरेच प्रयोग एकत्र तपासले. जिथे बाकीच्या मुलांनाही दुसरं काही नीट शिकवलं होतं, तिथे हा फरक जवळजवळ उरला नाही.

मला याचं वाईट वाटत नाही. कानाच्या तालमीतून कानाचंच मिळतं: ऐकलेलं क्रमानं धरून ठेवणं, गोंगाटातून हवा तो आवाज वेचणं, आपली पाळी येईपर्यंत दम धरणं. एक पोरगा दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला. तिथल्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, पखवाज कुठला? धाकट्या बहिणीला सांभाळता सांभाळता तो पढंत करायचा. उन्हाळ्यात परतला तेव्हा बोटं जड झाली होती, पण सम चुकली नाही. शाळेचा धडा मात्र होता तिथेच अडला होता.

म्हणून पालकांना स्पष्ट सांगतो: गणितासाठी गणितच करून घ्या. पखवाजाला पाठवायचं, तर पोरगं ऐकायला शिकावं म्हणून पाठवा.