फळ्यावरची पऱ्हाटी

मी मास्तर नाही. जिनिंगमधला कामगार. हंगामात रेच्यावर उभा राहायचं, नि पाळी सुटली की अंगावरची रुई झटकून वस्तीतल्या विहारात पोट्ट्यांना मराठी शिकवायचं. ना पगार, ना हजेरीपट. माझीच शाळा नववीत सुटली. पुढचं जे वाचलं ते रद्दीतून, दोस्तांच्या पुस्तकांतून.

म्हणून रीतही माझी मीच बसवली. फळ्यावर पहिलं 'कमळ' येत नाही, पऱ्हाटी येते. मग बोंड, सरकी, रुई, गाठ. कापूस वेचून मायच्या बोटांना पडलेल्या चिरा ज्यांनी पाहिल्या, त्यांना या शब्दांचा अर्थ काय सांगायचा? अक्षर तेवढं दाखवायचं. 'रुई'त ऱ्हस्व रु नि दीर्घ ई एका घासात होतात.

नंतर घरचं बोलणं. शाळेत पोरगी 'मले येत नाही' म्हणाली की वर्ग हसतो, वहीत लिहिलं की लाल रेघ. मी आधी 'मले' जसंच्या तसं लिहून घेतो. शेजारी 'मला'. ही घरची, ही पुस्तकातली, दोन्ही तुह्याच. काही दोस्त म्हणतात, कशाला पाहिजे ते बामणी व्याकरण? अरे, अर्ज, सातबारा, कोर्टाची नोटीस सगळं तिच्यातच येतं. ती आली नाही तर पुन्हा अंगठाच. ऐकून घेतो त्यांचं, नि पोरांकडून विभक्ती घोटून घेतो.

कोलामांच्या पोडावरून आलेला एक पोरगा महिनाभर गप्पच. त्याच्या घरी पाण्याला 'ईर' म्हणतात. कोलामीचं गणगोत गोंडी-तेलुगूशी, म्हणजे त्याला आमची वऱ्हाडीही परकीच. आता रोज तो एक शब्द आम्हाले देतो, आम्ही त्याले एक. तेवढ्या वेळापुरता मास्तर तो.

थोरल्या पोरांना मुक्ता साळवे वाचून दाखवतो. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग पोरगी. मांगमहारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. वाचून झालं की म्हणतो, आता तुम्ही लिहा.

परवा एकीनं चार ओळी लिहिल्या. तिकडच्या लायनीत नळ येतो, आमच्या लायनीत काहून नाही? हा कागद पाण्याच्या हापिसात द्यायचा ठरलंय. 'काहून' तसंच ठेवायचं की 'का' करायचं, यावर पोरांचं भांडण अजून चालूच आहे.