एकच माणूस आत

१० फेब्रुवारी २०२५

दुपारी दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावर. जिच्या बाळंतपणाला मी सोबत करणार ती पोरगी इथल्याच एका बँकेत आहे. अडतिसावा आठवडा लागला तरी रोज कामावर येते. पगारी रजा २६ आठवड्यांची, त्यातले ८ आधी घेता येतात. पण आधी घेतलेला प्रत्येक दिवस नंतर बाळाच्या वाट्यातून कापला जातो, असा तिचा हिशेब. बँकेतली पोरगी, हिशेबात हरायची नाही.

जेवायला महाराष्ट्र सदनाच्या कॅन्टीनमध्ये बसलो. तिची आई परवाच जळगावहून आली आहे, सोबत डिंक, खारीक, अळीव आणि बाळंतशेपा. काकूंनी मिसळीला नावं ठेवली, मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही नर्स का?"

"नाही."

"मग सुईण?"

"तेही नाही. बाळ डॉक्टर घेतील. मी हिच्याजवळ बसेन. कळा सुरू झाल्यापासून बाळ अंगावर घेईपर्यंत."

"बसायचे पैसे?" असं त्या म्हणाल्या नाहीत. बघितलं मात्र तसंच.

१२ फेब्रुवारी

हॉस्पिटलात जाऊन आलो. (नाव इथेही लिहीत नाही, या पोरींना पुन्हा तिथेच जायचं असतं.) लेबर रूमच्या सिस्टरने स्पष्ट सांगितलं, आत एकच माणूस, नात्यातला, आणि तोही बाईच. डूला, म्हणजे माझ्यासारखी पगारी सोबतीण, वगैरे चालणार नाही. नवराही नाही. नवरा बिचारा गुरुग्रामहून अर्धी रजा टाकून आला होता.

सिस्टरचं चुकतं असंही नाही. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक जण ठेवायला मुभा दिली तेव्हा नात्यातली, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली बाईच धरली होती. आडोसा असेल तिथे नवराही चालेल अशी पुस्ती होती. २०१७ च्या डिसेंबरमध्ये लेबर रूम सुधारण्याचा केंद्राचा 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यातही सोबतीण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली म्हटलं, सोबत कोण हवं ते तिनेच ठरवावं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते दारावरचा माणूस ठरवतो.

माझ्या ओळखीतल्या काही जणी अशा वेळी भांडतात. मला ते पटत नाही. नवव्या महिन्यात हॉस्पिटलशी भांडण काढलं की त्याचा ताण शेवटी पोटुशीवरच येतो. आत काकू जातील. मी त्यांना तयार करीन.

१४ फेब्रुवारी

लक्ष्मीनगरला पोरीच्या घरी. काकूंचे हात पाहूनच अर्धी काळजी मिटली. जन्मभर भाकरी थापलेले, नातवंडांना न्हाऊ-माखू घातलेले. तळहाताचा मनगटाकडचा भाग माकडहाडाच्या जरा वर ठेवून कळ चढताना दाबायचं, उतरली की सोडायचं. मग मागे उभं राहून दोन्ही कुल्ल्यांवर तळवे ठेवायचे आणि आत, जरा वर दाबायचं. पोरगी भिंतीला टेकून उभी होती. पहिल्याच दाबाला म्हणाली, "आई, हे रोज करत जा." दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी, खांदे सैल, लघवीची आठवण. सारखं पाठीवर पडू द्यायचं नाही. कूस, बसणं, उभं राहणं, डॉक्टर म्हणतील तेवढं चालणं.

हात आले. अडचण तोंडाची. "सोस बाई, आम्ही नाही का सोसलं" हे त्यांच्या जिभेवरच आहे. ते बंद. "ओरडू नको, लोक काय म्हणतील" बंद. पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी "जोर लाव" तर बिलकूल नाही. पोरगी दमते आणि हाती काही लागत नाही.

"मग बोलू काय?"

"मी इथेच आहे, एवढंच."

काकूंना त्यांची सुईण आठवली. पहिलं बाळंतपण गावी, घरातच. आढ्याला दोर बांधला होता, तो धरून त्या उकिडव्या बसलेल्या. सुईणीने रात्रभर पाठ चोळली, मधूनच कुणाच्या तरी सासूच्या चहाड्या सांगितल्या. "हसू यायचं हो, कळ चालू असताना हसू यायचं." त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. रक्तस्राव थांबला नाही तर त्या सुईणीच्या हातात काही नव्हतं, आणि बाळंतपणात घरातच गेलेल्या बायकांची नावं प्रत्येक गावात निघतील. पण सगळं बाळंतपण दवाखान्यात नेताना आपण ती चहाड्या सांगणारी बाई दाराबाहेर ठेवली. आता तिच्याच कामावर अभ्यास होतात. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतले २६ अभ्यास, १५ हजारांहून जास्त बायका. अखंड सोबत मिळालेल्यांत सिझेरियन कमी, कळांचा वेळ थोडा कमी, बाळंतपणाची कडू आठवणही कमी. यातला 'अखंड' महत्त्वाचा. सिस्टरला एका वेळी चार खाटा, डॉक्टर येऊन-जाऊन. जिला दुसरं काहीच काम नाही अशी एक बाई लागते.

१७ फेब्रुवारी

पहाटे ५.३६ ला भूकंप. ४ रिश्टरचा, पण केंद्र इथेच धौला कुआँपाशी, त्यामुळे हादरा जबर. पाचव्या मिनिटाला पोरीचा फोन, पोट आवळतंय. पाणी गेलं नाही, रक्त नाही, बाळ हलतंय. पाणी पिऊन कुशीवर पडायला सांगितलं. तासाभरात आवळणं थांबलं, खोट्या कळा. काकू मात्र सगळी इमारत खाली उतरली तेव्हा लाडवांचा डबा घेऊन उतरल्या होत्या.

२२ फेब्रुवारी

काल मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन. दिल्लीत १९५४ नंतर आत्ताच. काकूंना आज तालकटोरा स्टेडियमवर जायचं होतं, अध्यक्ष ताराबाई भवाळकर, बायकांच्या ओव्या-कहाण्यांचा अभ्यास केलेल्या. राहिलं. रात्री अकराला कळा लागल्या, दीडला पाच-पाच मिनिटांवर आल्या, निघालो.

मी बाहेर बाकावर. आत फोन चालत नाही. नवरा येरझाऱ्या घालून दमला, मग माझ्याशेजारी बसून त्याने उगाचच मला बँकेच्या व्याजदरांबद्दल सांगितलं. मीही ऐकलं.

चारच्या सुमाराला काकू बाटली भरायला आल्या. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर. कळा वाढवायचं सलाईन लावू का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. पोरीनेच उलट विचारलं, बाळाचे ठोके नीट आहेत ना, मग तासभर थांबता येईल? डॉक्टर थांबल्या. चांगल्या होत्या, हेही लिहायला हवं.

९.४० ला मुलगी. थोडे टाके. काकूंना दंड वर उचलवेना.

घरी येऊन तारीख पाहिली. कस्तुरबा गेल्या तो दिवस, २२ फेब्रुवारी १९४४, पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत. कर्झन रोडला पुढे त्यांचं नाव दिलं. त्या रस्त्याने जाताना कस्तुरबांच्या बाळंतपणाचा विचार कोण करतो? १९०० साली डर्बनला मुलाच्या, देवदासच्या वेळी कळा एकाएकी आल्या, डॉक्टर मिळेना, दाई आणायला वेळ गेला, शेवटी गांधीजींनीच बाळंतपण पार पाडलं. डॉ. त्रिभुवनदासांचं 'माने शिखामण' (आईला उपदेश) हे पुस्तक त्यांनी आधी नीट वाचून ठेवलं होतं. आत्मकथेत ते लिहितात की आपण घाबरलो नाही. बा घाबरल्या का, त्याबद्दल काही नाही. मला त्यांच्याकडून ऐकायला आवडलं असतं. पुस्तक वाचून आलेला नवरा कामाचा होता का, आणि पाठीवर हात कुणाचा होता.

२५ फेब्रुवारी

पोरीला भेटून आले. दूध येतंय, टाके दुखताहेत. तिने चहाडी केली, की आईने सात वाजता एकदा "सोस बाई" म्हटलंच. "मी तिच्याकडे असं बघितलं, की तिने लगेच कंबर दाबायला घेतली."

काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. जळगावला शेजारणीच्या सुनेचे दिवस एप्रिलमध्ये भरतात. माझे सोबतीच्या सूचनांचे कागद मराठीत मिळतील का? मग जरा आवाज उतरवून, "ताई, मी किती घेऊ?"

पहिलीकडून घेऊ नका, दुसरीपासून मात्र घ्या, म्हटलं. नाहीतर शेजारीण म्हणून बोलावतील आणि लंगोटही तुम्हालाच धुवायला लावतील.