जालन्यात कोण येतंय हॅक करायला?

हा प्रश्न मला दर दिवाळीत कुणी ना कुणी विचारतंच. एमआयडीसीतला मित्र विचारतो, मोंढ्यात बियाणं-खताचं दुकान असलेले माझे काका तर दरवर्षी विचारतात. ‘‘आपल्याकडं काय ठेवलंय रे चोरायला?’’ दुकानात एक कॉम्प्युटर, त्यात टॅली, चार कॅमेरे आणि एक राउटर. बस.

प्रश्न बावळट नाही. चोर माहिती काढून, घर हेरून येतो, हा आपला पिढ्यांचा अनुभव आहे. इंटरनेटवर मात्र घर हेरावं लागत नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं टूल दाखवलं. एक मशीन आणि एक गिगाबिटचं कनेक्शन असलं की आयपीव्ही-४ चे जगभरातले सगळे सार्वजनिक पत्ते पाऊण तासाच्या आत ठोठावून होतात. त्यात न्यूयॉर्कही आलं आणि मोंढाही आला. ठोठावणाऱ्याला गावाचं नावसुद्धा माहीत नसतं.

२०१६ चं मिराई असंच पसरलं. कॅमेरे आणि राउटर शोधायचे, कंपनीने दिलेले साठेक ठरलेले पासवर्ड लावून बघायचे. त्या ऑक्टोबरात अशाच उपकरणांच्या फौजेने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास विस्कळीत केल्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं. तेही पोर्ट ४४५ उघडं असलेली, अपडेट न केलेली विंडोज मशीन्स शोधत फिरायचं. सापडली की फायली कुलूपबंद आणि वर खंडणी.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. त्यांची टॅली बाजारात कुणी विकत घेणार नाही. पण ती परत मिळावी म्हणून पैसे द्यायला एक माणूस नक्की तयार होईल, तो म्हणजे काका. जूनमध्ये बियाणं उधारीवर जातं, कापूस-सोयाबीन विकलं की पैसे येतात. मधल्या महिन्यांचा हिशेब त्या एका डब्यात असतो. तो गेला तर कुणाचे किती, यावर गावागावांत वाद. ती वही एकट्या काकांची नाहीच.

म्हणून गेल्या वर्षी एक दुपार राउटरला दिली. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत दोन नोंदी होत्या. एक कॅमेऱ्यांची, दुसरी ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून कुणीतरी उघडून ठेवलेली. दोन्ही काढल्या. यूपीएनपी बंद केलं, नाहीतर उपकरणं न विचारता स्वतःच दारं उघडतात. राउटरचं अ‍ॅडमिन पान बाहेरून उघडणं बंद केलं, पासवर्ड बदलले. विंडोजची फायरवॉल चालू आहे ना, तेही पाहिलं. आयपीव्ही-६ ची फायरवॉलही तपासली, कारण तिथे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि नॅटचा आडोसा उरत नाही.

नियम एकच: आतून आपण काही मागितलं तर त्याचं उत्तर आत येईल, बिनबोलावता आलेलं पॅकेट तिथेच टाकून दिलं जाईल. त्यामुळे यूट्यूब, यूपीआय, जीएसटीचं पोर्टल सगळं पूर्वीसारखंच चालतं.

खर्च शून्य रुपये. पण सोय गेली, आणि काकांना तीच खुपली. शेतात बसून कॅमेरे कसे बघायचे? त्यासाठी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून वायरगार्ड बसवलं. ते फुकट आहे. त्याचं एक पोर्ट उघडं ठेवावं लागतं, पण किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. अकाउंटंटही आता त्याच वाटेने येतो.

याने सगळं भागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बनावट लिंक आपणच आतून उघडली, तर फायरवॉल काय करणार? म्हणून दर शनिवारी टॅलीचा बॅकअप हार्ड डिस्कवर जातो आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवली जाते.

महागडं उपकरण विकणारे आपल्या गावात येतील तेव्हा येतील. तोवर तुमच्या घरच्या राउटरचं पान उघडा आणि ती यादी वाचा. एखादी नोंद कशासाठी आहे हे घरात कुणालाच सांगता येत नसेल, तर ती बंद करा. खरंच कुणाला लागत असेल, तर तो फोन करेलच.