पुस्तक बदलण्याची मुभा

बीएच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवताना माझा एक आग्रह असे आणि तो मी बैठकांमधूनही जाहीरपणे मांडत असे. विद्यार्थ्याच्या हातात एक संपूर्ण, छापील, विकत घेतलेलं पुस्तक असलंच पाहिजे. गाईड नको, सुट्या नोट्स नकोत, मोबाइलवरच्या पीडीएफ तर नकोतच. पुस्तकाला लेखक असतो, संपादक असतो, आवृत्त्या असतात. एखादं विधान पटलं नाही तर जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असतं. इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या शैक्षणिक साहित्याबद्दल माझ्या मनात अढी होती, पण त्यामागे विचारही होता. एमआयटीने २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य खुलं करणाऱ्या ओपनकोर्सवेअरची घोषणा केली. पुढच्या वर्षी युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत अशा साहित्याला ‘मुक्त शैक्षणिक साधनं’ हे नाव मिळालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्सची पहिली लायसन्स निघाली. आमच्या स्टाफरूममध्ये हे सगळं बरंच उशिरा पोचलं. पोचलं तेव्हा मी म्हणाले होते, बोस्टनच्या प्राध्यापकाने खुलं केलेलं व्याख्यान तालुक्याच्या गावात मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलीला काय देणार? उलट तिने काय शिकायचं हे तिकडे ठरू लागेल.

आज माझं मत वेगळं आहे. ते कशाने बदललं हे सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण माझे अनेक सहकारी अजून त्या जुन्या जागी उभे आहेत आणि त्यांच्या शंका पोकळ नाहीत.

सुरुवात एका खटल्याने झाली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या प्रकरणांच्या झेरॉक्स प्रतींचे संच हे दुकान विद्यार्थ्यांना विकत असे. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या कामासाठी जी सूट आहे, तिचा अर्थ न्यायालयाने उदारपणे लावला. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली.

खटला सुरू असताना माझा कल प्रकाशकांकडे होता. लेखकाच्या श्रमाचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत, हे मला आजही मान्य आहे. पण त्या निमित्ताने मी माझ्याच वर्गाकडे नीट पाहिलं. मी ज्या विकत घेतलेल्या संपूर्ण पुस्तकाचा आग्रह धरत होते, ते वर्गात मोजक्या मुलांकडेच होतं. बाकीच्यांचं शिक्षण कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सवर चालत होतं. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. न्यायालयाने प्रत काढण्याची वाट मोकळी केली, तरी ज्या इंग्रजी प्रकरणाची प्रत काढायची ते इंग्रजीच राहणार होतं. त्याचं मराठी करून ते छापायला, त्यातली उदाहरणं बदलायला, एखादी आकृती वगळून दुसरी घालायला परवानगी लागणारच होती. आमच्या मुलांना तर नेमकं तेच हवं होतं.

मग एका सहकाऱ्याने ओपनस्टॅक्सचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ दाखवलं. ओपनस्टॅक्स हा अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा उपक्रम. हे पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय लायसनखाली आहे. मूळ लेखकांचं श्रेय द्यायचं आणि आपण बदल केले आहेत हे स्पष्ट सांगायचं, एवढ्या दोन गोष्टी पाळल्या की अनुवाद करता येतो, काटछाट करता येते, भर घालता येते, छापता येतं, विकताही येतं. माझं मत प्रत्यक्षात बदललं ते या पुस्तकातल्या किमान किमतीच्या प्रकरणामुळे.

त्यात युरोपातल्या गव्हाचं उदाहरण आहे. सरकार समतोल भावाच्या वर एक किंमत ठरवतं, शेतकरी जास्त पिकवतात, ग्राहक कमी घेतात आणि मधला उरलेला माल सरकार उचलतं. आकृती अगदी स्वच्छ. हीच आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर ‘हमीभाव’ असं लिहून काढत आले होते. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं शेतकऱ्यांच्या घरची. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांमध्ये त्याहून कमी भावाने सोयाबीन विकलं जात होतं. सरकारी खरेदी केंद्रांवर ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला तर माल घेतला जात नव्हता. पुढे ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली गेली, पण तोवर अनेकांनी व्यापाऱ्याला माल घालून टाकला होता. त्या हंगामात एका मुलीने विचारलं, “मॅडम, रेषा तर वर आहे, मग आमचा भाव खाली कसा?”

तिचं बरोबर होतं. पुस्तकातली आकृती गृहीत धरते की ठरवलेल्या किमतीखाली व्यवहार होऊच शकत नाही. आपल्याकडे खासगी व्यापाऱ्यावर तसं बंधन नाही. सरकार जेवढी खरेदी करतं तेवढ्यापुरती मागणीची रेषा उजवीकडे सरकते, भाव थोडा वर येतो, पण तो हमीभावाला टेकेलच असं नाही. म्हणजे देशाचं नाव आणि पिकाचं नाव बदलून भागण्यासारखं नव्हतं, त्यातला तर्कच नव्याने मांडावा लागणार होता. मी प्रकरणाचं मराठी केलं, युरोपचा गहू ठेवला आणि त्याच्या पुढे सोयाबीनची वेगळी आकृती घातली. हमीभावाची रेषा तुटक काढली आणि खरेदी मर्यादित असली की काय होतं ते टप्प्याटप्प्याने लिहिलं. हे मी एखाद्या बंद पुस्तकात करू शकले नसते. समासात टीप लिहून वर्गापुरतं सांगितलं असतं आणि पुढच्या वर्षीच्या मुलांपर्यंत ते पोचलं नसतं.

भाडेनियंत्रणाचंही तसंच. मूळ पुस्तकात भाडी डॉलरमध्ये आहेत. मी तिथे मुंबई आणली. १९४७ च्या भाडे कायद्याने प्रमाणभाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. पागडी घेणं त्या कायद्याखाली गुन्हा होता, तरी ती चालू राहिली आणि १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. किमतीवर टोपण घातलं की पैसा दुसऱ्या फटीतून बाहेर येतो, हे पागडीइतकं चांगलं दुसऱ्या कशाने समजावता येईल असं मला वाटत नाही.

या कामामुळे परदेशी अभ्यासक्रम लादला जाण्याच्या भीतीचाही मला नव्याने विचार करावा लागला. मराठीत अर्थशास्त्र आलं तेच मुळी अशा वाटेने. लोकहितवादींचं ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चं. ते इंग्रजी पुस्तकाच्या आधारे रचलेलं आहे. त्या पिढीने जे मिळालं ते घेतलं आणि आपल्या वाचकासाठी नव्याने मांडलं. लादलं जाण्याचा धोका खरा असतो तो बदलता न येणाऱ्या साहित्यात, मग ते मोफत असो वा महाग. कोअर नावाच्या प्रकल्पाचं ‘द इकॉनॉमी’ हे पुस्तक मला फार आवडतं. विषमतेपासून सुरुवात करणारी त्याची मांडणी आमच्या मुलांना जवळची वाटेल. पण त्याच्या लायसनमध्ये बदलांना मनाई आहे. म्हणून ते मी वाचायला सुचवते, वर्गाचं पुस्तक म्हणून नेमत नाही.

आपल्या घरचं खुलं धनही मला याच शोधात सापडलं. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१७ च्या आरंभापासून सगळ्यांचं झालं. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ चं. चलनाच्या प्रकरणात त्यातली पानंच्या पानं मराठीत आणून घालता येतात, कोणाची परवानगी लागत नाही. दादाभाई नौरोजी आणि न्यायमूर्ती रानडे तर त्याच्याही आधी मोकळे झालेले. धनंजयराव गाडगीळ १९७१ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०३१ चं वर्ष सरेपर्यंत थांबावं लागेल. सहकारी साखर कारखान्यांवरचं प्रकरण लिहिताना त्यांची उणीव सारखी जाणवते.

सगळ्या विषयांना हे सारखंच लागू आहे असं मी म्हणणार नाही. गणिताच्या सरांना कलनशास्त्राचं पुस्तक जसंच्या तसं चालतं. अवकलज अमेरिकेत आणि आमच्याकडे सारखाच. पदार्थविज्ञानाचे सर एनपीटीईएलची ऑनलाइन व्याख्यानं मुलांना क्वचित दाखवतात, पण स्वतः तयारीसाठी नेमाने ऐकतात. संख्याशास्त्राच्या मॅडमना आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल्स हाताशी आहेत आणि त्यातले काही मराठीतही आहेत. वनस्पतिशास्त्रात सिद्धान्त घेता येतो, झाडं आपलीच लागतात. अडतं ते मराठी साहित्यात. फुले, केशवसुत, हरिभाऊ आपटे मोकळे आहेत, पण आजच्या कवीची कविता त्याच्या परवानगीशिवाय वाटणं मला मान्य नाही. मराठी कवीला मानधन आधीच किती मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे.

जुन्या मताचा एक भाग मात्र मी सोडलेला नाही. साहित्याला धनी असला पाहिजे. कोणी लिहिलं, कोणी तपासलं, कधी बदललं हे पहिल्या पानावर दिसलं पाहिजे. आमच्याकडे मराठी प्रकरणं तयार करण्याचं बाकीचं काम बहुतेक तासिका तत्त्वावरच्या तरुण प्राध्यापकांनी केलं आहे. त्यांना तासाचे पैसे मिळतात, प्रकरण लिहिण्याचे मिळत नाहीत. हे मला सलतं. ज्या संस्था मुक्त साहित्याचा अभिमानाने उल्लेख करतात, त्यांनी या लेखकांना मानधन देण्याची तरतूद आधी करावी.

गेल्या सत्रात आमच्यात एक वाद झाला. आमच्या मराठी प्रकरणांवर व्यापारी वापराला बंदी घालायची का? दोन सहकाऱ्यांचं म्हणणं होतं, बंदी नसली तर कोणी प्रकाशक उद्या हेच मुखपृष्ठ बदलून विकेल. मी बंदीच्या विरोधात होते. ती घातली असती तर समोरचा झेरॉक्सवाला पानामागे चार पैसे नफा घेऊन संच विकू शकतो की नाही, याचीच शंका उभी राहिली असती, आणि आमची बहुतेक मुलं त्याच्याकडूनच घेतात. शेवटी सीसी-बाय-एसए ठरलं. प्रकाशकाने विकायचं असेल तर विकावं, पण त्याने प्रकरणात सुधारणा केल्या तर त्याही याच अटींवर खुल्या राहतील आणि आम्हाला उचलता येतील. सध्या रोजगार हमी योजनेवरचं प्रकरण चालू आहे. १९७७ च्या कायद्याचा भाग लिहून झाला. मजुरी आणि हंगामाचा भाग नांदेडकडच्या कोणा शिक्षकाने लिहावा असं आम्हाला वाटतं, कारण तिथली माहिती आमच्याकडे नाही.