चांद्याच्या तटावरील रविवार

दवनीवाड्याच्या मुलाला किल्ला पाहावयाचा असेल, तर त्याने गोंदियास यावे आणि बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. अर्जुनी, वडसा, नागभीड, मूल अशी स्थानके एकामागून एक मागे पडतात, भाताच्या बांध्या सरून रान दाट होत जाते आणि अखेरीस एका फलाटावर पाटी दिसते : 'चांदाफोर्ट'. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ साली चंद्रपूर झाले; परंतु या स्थानकाने जुने नाव आणि त्याला जोडलेला किल्ला, दोन्ही जपून ठेवली आहेत. मात्र उतरणारा प्रवासी भोवताली पाहतो, तो ना डोंगर, ना माची, ना बालेकिल्ला. तो गोंधळतो. चांद्याचा किल्ला हा गावाबाहेर उभा नाही. जुने गावच त्याच्या पोटात आहे. गावाभोवती कित्येक मैलांचे वळण घेऊन गेलेला दगडी परकोट हाच तो किल्ला होय.

त्याला चार दरवाजे आहेत : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. दरवाज्यांवर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला आहे. तेच गोंडराजांचे राजचिन्ह. याखेरीज पाच खिडक्या आहेत. खिडकी म्हणजे वारा घेण्याची जागा नव्हे, तर माणसांच्या पायवाटेपुरते लहानसे द्वार. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण ही त्यांची नावे. इतिहासाच्या पोथ्यांत राजांची नावे राहतात; लोक कोणत्या वाटेने देवाला जात आणि कोणत्या वाटेने प्रेत नेत, हे अशा नावांतच उरते.

एवढा मोठा तट, पण चंद्रपूरकरांना तो दिसेनासा झाला होता! हे वाचून कोणी हसेल. परंतु रोज ज्याच्या सावलीतून जावे, त्याकडे मान वर करून कोण पाहतो? बुरुजांवर झुडपे माजली, दगडांच्या सांध्यांत वड-पिंपळांची मुळे शिरली, चढावयाच्या पायऱ्या मातीखाली गेल्या आणि खालच्या बाजूस गावाचा केरकचरा साठला. १ मार्च २०१७ रोजी गावातील 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने कोयते, कुदळी व घमेली घेतली आणि रोज सकाळी तट साफ करण्यास आरंभ केला. पहिल्या आठवड्याचा उत्साह कोणालाही असतो. पण येथे पावसाळा आला आणि गेला तरी काम थांबले नाही. दोनशेहून अधिक दिवस चाललेल्या या श्रमाचा उल्लेख २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात केला, तेव्हा कुठे दूरदूरच्या लोकांना चांद्याचा तट ठाऊक झाला.

तट मोकळा झाला. आता त्यावरून चालता येऊ लागले. मग रविवारच्या सकाळी लोकांना वर नेऊन किल्ला दाखविण्याचा उपक्रम सुरू झाला. शाळेची मुले येतात, परगावचे पाहुणे येतात आणि जन्मभर तटाखाली राहिलेले वृद्धही प्रथमच वर चढतात. सभागृहात बसून ऐकलेले व्याख्यान आणि पायाखालच्या दगडाविषयी त्याच दगडावर उभे राहून ऐकलेली हकिगत यांत फार अंतर आहे. तटाच्या एका अंगास घरांची दाटी, दुसऱ्या अंगास झाडी आणि नदीचा सखल प्रदेश असे दृश्य समोर असले, म्हणजे तट कशासाठी बांधला हे निराळे सांगावे लागत नाही. आजही इरईला महापूर आला की पाणी पठाणपुरा दरवाज्याच्या बाजूस चढते. शत्रू गेले, पण नदी आहेच.

मुलांना सर्वांत आवडते ती सशाची गोष्ट. खांडक्या बल्लाळशहा या राजाच्या अंगावर खांडके होती. झरपट नदीच्या पाण्याने ती बरी झाली. पुढे त्याच रानात त्याने अद्भुत पाहिले : कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्यालाच पळवीत होता! ससा ज्या मार्गाने धावला, त्या मार्गावर तट बांधावा असा सल्ला राणीने दिला आणि नगर वसले. गोष्ट गोड आहे. पण ती दंतकथा आहे, आणि ऐकणाऱ्याने ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. एवढा तट एका राजाच्या हातून उभा राहिलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याचे काम चालले होते. तरीही दंतकथा फेकून देऊ नये. गोंडांच्या या नगरीला रानाची आठवण किती जवळची होती, ते ती सांगते.

गोष्टीनंतर खरा इतिहास येतो आणि मुले गप्प होतात. १७५१ साली चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी या तटाला खिंडार पाडले आणि किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. त्याचे नाव किती पाठ्यपुस्तकांत सापडेल?

अंचलेश्वर दरवाज्याजवळ राजा बीरशहाची समाधी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचा खून झाला. त्याच्यामागे राणी हिराईने राज्य सांभाळले आणि ही समाधी बांधविली. पाहुणे कळसाकडे, कमानींकडे, कोरीव कामाकडे पाहत राहतात.

ऊन चढू लागले की मंडळी खाली उतरतात. येताना वाटेत दिसलेली कागदे आणि रिकाम्या पिशव्या मुलांनी सोबतच्या पोत्यात भरलेल्या असतात. जटपुरा दरवाज्याखाली वाहनांची गर्दी नेहमीसारखीच असते. त्या गर्दीतून जाताना एखादा मुलगा मध्येच थांबतो आणि मान वर करून दगडातला सिंह शोधू लागतो. मागची सायकल घंटी वाजवीत राहते.